हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, मग तास का बदलत गेले?

हेलसिंकी ते टोकियो अंतर सर्च केलं की साधारण ७,८०० किमी येतं, विमान ताशी ९०० च्या आसपास जातं, म्हणून आपण भागाकार करून साडेआठ-नऊ तास धरतो आणि मग तिकिटावर १३ तास दिसले की वाटतं आकडा चुकलाय. चुकलेला नाहीये. ७,८०० म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर भरेल ते अंतर, आणि तो दोरा जवळजवळ सगळा रशियावरून जातो. खरी अडचण तिथेच आहे.

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतेक बंदच होतं, त्यामुळे युरोपातून जपानला जायचं तर एकतर दक्षिणेकडून आशियात थांबत थांबत, नाहीतर थेट वरून, उत्तर ध्रुवाकडून. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते टोकियो वाया अँकरेज (अलास्का) सुरू केलं. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते दिशा शोधण्याचं काम, कारण तिकडे चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे होकायंत्राची सुई भरवशाची राहत नाही, आणि सगळी रेखांशं एकत्र येत असल्याने सरळ उडतानाही 'उत्तर' भराभर बदलत जाते. मग नकाशावर चौकोनी जाळी आखायची, जायरोवर (वेगाने फिरत राहून एकच दिशा धरून ठेवणाऱ्या उपकरणावर) दिशा धरायची आणि सूर्य-तारे बघून ती तपासत राहायची!

१९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअरने जादा इंधनाची सोय केलेलं डीसी-१० विमान घेऊन हेलसिंकी–टोकियो नॉनस्टॉप चालू केलं, ध्रुवावरून, मग बेरिंगच्या सामुद्रधुनीतून खाली, म्हणजे सोव्हिएत हद्द पूर्ण टाळून, सुमारे १३ तास. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअरचं विमान, फ्लाइट ००७, भरकटून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. हद्द टाळण्यासाठी एवढा वळसा का घ्यायचे ते यावरून कळतं.

पुढे सायबेरियावरून जायची परवानगी मिळाली आणि प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. जाताना थोडा कमी वेळ, येताना थोडा जास्त, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात (हे वारे जपानच्या वासाबुरो ओइशींनी १९२० च्या दशकातच फुगे सोडून मोजले होते, पण अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत लिहिला आणि बाहेर फारसं कुणाचं लक्षच गेलं नाही, याचं खरंच वाईट वाटतं). हेलसिंकीला याचा फार फायदा झाला, एकच विमान २४ तासांत आशियात जाऊन परत यायचं, त्याच जोरावर ते छोटं शहर ट्रान्झिटचं मोठं ठिकाण बनलं.

फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी युक्रेन युद्धामुळे रशियाचं आकाश परत बंद झालं. मार्चमध्ये फिनएअरची टोकियोची फ्लाइट सुरू झाली ती पुन्हा ध्रुवाकडूनच, परत तेच १३ तास, आणि आत बसलेल्यांना उत्तर ध्रुव ओलांडल्याचं सर्टिफिकेट मिळायला लागलं.