न मळलेला पाव: आयर्लंडचा सोडा ब्रेड

आयर्लंडच्या ओल्या, थंड हवेत पिकणारा गहू मऊ असतो. त्यात ग्लुटेन बनवणारी प्रथिनं कमी. यीस्टच्या पावाला तासन्‌तास वायू धरून ठेवणारं ग्लुटेनचं चिवट जाळं लागतं, ते या पिठात नीट बनत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे खाण्याचा सोडा पोचला आणि ही अडचण सुटली. लोणी काढून उरलेलं आंबट ताक गाईवाल्या घरांत असायचंच. त्यातलं लॅक्टिक आम्ल सोड्याला भेटलं की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. तेवढ्या वेळापुरता वायू धरायला कच्चं जाळंही पुरतं.

४५० ग्रॅम पिठाला सोडा आणि मीठ एकेक सपाट छोटा चमचा, ताक ३५० ते ४०० मिली. आपलं ताक पाणी घालून पातळ केलेलं असतं. त्याऐवजी आंबट दही थोड्या पाण्यात घुसळून घ्यावं.

सोडा पिठात दोनदा चाळा, गुठळी राहिली तर पावात पिवळे, कडू ठिपके उठतात. मधे खळगा करून ताक ओता, बोटं पसरून गोल फिरवत पीठ जेमतेम एकत्र करा. गोळा चिकट आणि ओबडधोबडच हवा. मळलं तर ग्लुटेन ताणलं जातं, पाव वातड होतो.

सोड्याचा हात सैल सोडू नये. पाच ग्रॅम सोड्यातून जास्तीत जास्त सव्वा-दीड लिटर वायू निघतो, पण त्यासाठी तितकंच आम्लही लागतं. ताकातलं आम्ल संपलं की उरलेला सोडा भट्टीत तापून धुण्याच्या सोड्यात बदलतो. साबणासारखी चव येते ती त्याचीच.

वर चाकूनं खोल फुली मारतात, म्हणजे जाड मधल्या भागापर्यंत उष्णता पोचते. गोळा भिजवून ठेवला तर वायू निसटतो, म्हणून भट्टी आधीच तापलेली हवी: २३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर साधारण अर्धा तास. पूर्वी हे काम बॅस्टिबल करायचं. हे तीन पायांचं लोखंडी भांडं. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीट नावाच्या जळाऊ मातीच्या विस्तवावर ते ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. उत्तरेकडे गोळा चपटा करून चार तुकडे कापतात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. त्या तुकड्यांना फार्ल म्हणतात.

तळावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला. कवच मऊ हवं असेल तर गरम असतानाच फडक्यात गुंडाळा. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, तेव्हा काप भाजून लोणी लावून खातात.