बहुपिढी कुटुंबासाठी घराचे नूतनीकरण (नागपूर)

जुने घर न पाडता त्यात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे सोयीने राहू शकतील, अशी त्याची फेररचना. महाल-इतवारी या जुन्या वस्त्यांतील सागवानी खांबांच्या वाड्यांपेक्षा ती लेआउटमधील, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या वसाहतींतील, एकमजली घरांत अधिक आढळते. वाड्यात भाऊबंदांचे हिस्से ठरेपर्यंत कामाला हात लागत नाही.

नेहमीची रीत म्हणजे वर मजला चढवणे. त्याआधी पाया पाहावा लागतो. शहराच्या बऱ्याच भागांतली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायाच्या भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. ते बुजवून रंग मारणे म्हणजे दुखणे झाकणे. घर भारवाहक (छताचे वजन पेलणाऱ्या) भिंतींवर उभे आहे की कॉलम-बीमवर, हे संरचना अभियंत्याकडून तपासल्याखेरीज वजन वाढवू नये. बैठक मोठी करायला मधली भिंत पाडण्याची हौस इथेच अंगाशी येते. वाढीव बांधकामाला नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो.

खोल्यांची वाटणी मात्र ऊन ठरवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि तापलेला स्लॅब रात्रीही खोली तापवत राहतो. वृद्धांना तळमजला द्यायचा तो गुडघ्यांसाठी, तसाच या उकाड्यासाठीही. वरचा मजला त्यांच्या डोक्यावर सावली धरतो. वरची मंडळी मेमध्ये गाद्या घेऊन खाली उतरतात, म्हणून खालची बैठक ऐसपैस हवी. कूलरची हवा बाहेर पडायला समोर खिडकी लागते. प्लायवूडचा आडोसा घालून काढलेली जादा खोली नेमकी हीच वाट अडवते. कूलरचा स्टँड आणि नळ नकाशातच दाखवलेले बरे.

न्हाणीघराला उंबरा नको, दार ९० सेंमी रुंद असावे. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ उतार (१ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी) धरला, तर ४५ सेंमी उंचीच्या जोत्याला ५.४ मीटर लांब उतार लागतो. पुढच्या अंगणात तो क्वचितच मावतो, तेव्हा बाजूच्या मोकळ्या पट्टीतून न्यावा.

स्वयंपाकघर बहुधा एकच ठेवतात. वर 'फक्त चहापुरता' म्हणून केलेल्या ओट्यावर वर्षभरात कुकरही चढतो. तेव्हा पाण्याची आणि सांडपाण्याची पाइप आधीच टाकून ठेवणे शहाणपणाचे. जिना बाहेरून घेतला, तर मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर वरचा मजला भाड्याने देता येतो; पण आतूनही एक दार राखावे, नाहीतर रात्री आजोबांना बरे वाटेनासे झाले तर सुनेला रस्त्याच्या बाजूने फिरून यावे लागते.