घेवडा आईने खाल्ला, गॅस बाळाला?

कोरेगावच्या पट्ट्यात वाघ्या घेवडा घरोघरी शिजतो, पण बाळंतिणीच्या ताटात तो दिसला की सासूबाई लगेच म्हणणार, "अगं, बाळाला वात होईल!" मग सव्वा महिना मऊ भात, तूप आणि मेथी. तरी दिवेलागणीला बाळ मुठी आवळून, पाय पोटाशी ओढून, लालबुंद होईस्तोवर रडतंच.

घेवड्यातली काही साखर आईला पचत नाही. ती मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि पोट फुगतं. पण ते आईचं! दूध तयार होतं रक्तातून, आणि ही साखर रक्तात उतरतच नाही.

बाळाच्या या रडण्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात. बाळ साधारण 6 आठवड्यांचं होईपर्यंत ते वाढत जातं आणि 3-4 महिन्यांचं झालं की आपोआप थांबतं. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. आपोआप थांबतं, म्हणूनच घुटीपासून बेंबीवरच्या हिंगापर्यंत सगळ्यांना श्रेय मिळतं. हिंगाचं एक वेळ चालेल, पण मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोटुलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

बाळाला उभं धरून ढेकर काढा, छातीशी घेऊन फिरा. आईचं खाणं तोडायची वेळ क्वचितच येते: गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर, आणि तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, ताप किंवा दूध न ओढणं दिसलं, तर मात्र रात्र असली तरी दवाखाना गाठा.