जुन्या लढाऊ विमानाचा सुपरचार्जर : विमानमालकांसाठी माहिती

मर्लिन या ब्रिटिश पिस्टन इंजिनाचे विमान सर्व्हिसिंगला आले की मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारा भाग), स्पार्क प्लग, कूलंटची गळती यांची चौकशी हमखास होते. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरची क्वचितच. तो कुरकुर करत नाही म्हणून ठीक असेल, असे सगळे धरून चालतात. आमच्या मते आज त्याचे दुखणे एकच: त्याला पुरेसे काम नाही.

सुमारे ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि त्याबरोबर इंजिनाची ताकदही घसरते. ती टिकवण्यासाठी क्रँकशाफ्टवरून गिअरने फिरणारा इम्पेलर, म्हणजे सुपरचार्जरचे पात्यांचे चाक, हवा-इंधनाचे मिश्रण दाबून सिलिंडरांत भरतो. १९४२ मध्ये स्पिटफायरमध्ये आलेल्या मर्लिन ६१ ला दाबण्याचे दोन टप्पे आणि दोन वेग होते: खालच्या गिअरचा कमी उंचीसाठी, वरच्या गिअरचा जास्त उंचीसाठी. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना वरच्या गिअरमध्ये इम्पेलर मिनिटाला सुमारे २४,००० फेऱ्या घेई. दाबलेले मिश्रण तापते आणि फार तापले तर डिटोनेशन होते, म्हणजे ते सिलिंडरात स्फोटासारखे पेटते, म्हणून पुढे ते थंड करणारा इंटरकूलर. त्याची कूलंटची टाकी वेगळी असते. मुख्य टाकी भरली म्हणून ती भरली असे समजू नका.

आता ही विमाने बहुतेक खालच्या उंचीवरच उडतात. वरचा गिअर महिनोन्‌महिने लागत नाही आणि गिअर बदलणाऱ्या क्लचमध्ये तेलाचा गाळ बसतो. म्हणून ग्राउंड रनच्या (जमिनीवर इंजिन चालवून पाहण्याच्या) वेळी, मॅन्युअलमध्ये दिलेल्या फेऱ्यांवर, गिअर बदलून पाहा. वरचा गिअर लागताच इंजिनाच्या फेऱ्या किंचित पडायला हव्यात, कारण ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जर) इंजिनाचीच ताकद खातो. फेऱ्यांचा काटा हललाच नाही तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, क्लच तापतो. इंजिन बंद करून आम्हाला कळवा. काही मालक वरचा गिअर कायमचा बंद करून घेतात. त्याला आमची हरकत नाही, फक्त लॉगबुकात तशी नोंद हवी.

ऑइल फिल्टरमध्ये सापडलेले कण पुसून टाकू नका, डबीत ठेवा. चुंबकाला चिकटणारे कण गिअरसारख्या पोलादी भागांचे असतात, न चिकटणारे बहुधा बेअरिंगच्या अस्तराचे किंवा पिस्टनचे. शोध कुठून सुरू करायचा हे त्यावरून ठरते.

बूस्टचा, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेल्या दाबाचा, मोह आवरा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस +२५ पौंड (दर चौरस इंचाला) बूस्ट दिले जाई ते १५० ग्रेड इंधनावर, आजच्या १००एलएल या विमान-पेट्रोलवर तो आकडा मागू नये. बूस्टच्या गेजवर विश्वास ठेवण्याआधी तोही तपासा: इंजिन बंद असताना अमेरिकन गेज त्या जागेचा हवेचा दाब दाखवतो, समुद्रसपाटीजवळ सुमारे ३० इंच (पाऱ्याचे). ब्रिटिश गेजचा काटा तिथेच शून्याच्या आसपास हवा. फरक मोठा असेल तर उड्डाणाआधी गेज उतरवून आमच्याकडे द्या.