वाडीची शाळा लांबच्या शाळेत मिसळतायत? तक्रार अर्ज कसा द्यायचा आणि तो अडकतो कुठं

पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, २० च्या खाली गेला की शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायची चर्चा सुरू होते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं समूह शाळांचे (आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा) प्रस्ताव मागवल्यापासून तर सातारा जिल्ह्यातल्या जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या पालकांना याची धास्तीच आहे. लोक भांडायला तयार असतात हो, पण हातातला कागदच चुकीचा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर "निवेदन" लिहिणं. निवेदन दिलं की साहेब हसून घेतात, फोटो निघतो आणि कागद "योग्य त्या कार्यवाहीसाठी" खालच्या टेबलावर जातो, तिथून पुढं काय होतं ते कुणालाच माहीत नसतं. त्यामुळं विषयात स्पष्ट लिहा: "बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९, कलम ३२ अन्वये तक्रार". अर्ज द्यायचा स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे आपल्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावानं द्या, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना. आमदार, कलेक्टर यांना जरूर भेटा, पण ती भेट म्हणजे तक्रार नव्हे. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, "नंतर या, साहेब मीटिंगला गेलेत" म्हणाले तरी आवक विभागाला साहेब लागत नाहीत.

तीन महिन्यांचा घोळ फार होतो. बऱ्याच जणांना वाटतं तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते आणि मुदत गेली म्हणून गप्प बसतात. तसं नाही. ते तीन महिने ऑफिसला आहेत, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी देऊन तेवढ्यात निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं. तिथं पहिलं विचारणार, जिल्हा परिषदेला कधी अर्ज दिला, आणि तेव्हा तो शिक्का कामाला येतो.

पात्रता सोपी आहे, कुणीही व्यक्ती तक्रार करू शकते, पालकच असायला पाहिजे असं नाही. पण तक्रार मुलाच्या हक्काबद्दल पाहिजे. "आमच्या वाडवडिलांनी श्रमदानानं शाळा बांधली" हे खरं असतं, ऐकून वाईटही वाटतं, पण त्याच्यावर आदेश निघत नाही. मुलाचं नाव, इयत्ता, कुठल्या वाडीत घर, नवी शाळा किती लांब, वाटेत कुठला ओढा, जून ते सप्टेंबर त्याला पाणी किती असतं, वाट जंगलातनं आहे का, पहिलीतलं पोरगं तिथं एकटं जाईल का, असं एकेका मुलाचं लिहा. तक्ता केला तर उत्तमच.

आता अंतर. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण मोजतं कोण आणि कसं? मोबाईलवर दोन टिंबांमध्ये सरळ रेघ मारली की डोंगरापलीकडची शाळापण "जवळ" दिसते. कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळा गाठणाऱ्या खिरखंडीच्या मुलींची बातमी आठवा, जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिची स्वतःहून दखल घेतली होती. नकाशावर पाणी ओलांडायला काय लागतंय! केंद्राच्या २०१० च्या आरटीई (वर सांगितलेल्या शिक्षण अधिकार कायद्याच्या) नियमांत सहावा नियम बघा, अवघड भूभाग, दरड, पूर, रस्ता नसणं आणि येण्याजाण्यात लहान मुलांना धोका असेल तर तो टळेल अशी शाळेची जागा ठरवायची, असं त्यात आहे. तो अर्जात लिहाच. अंतराचा दाखला हा असा कागद आहे जो कुणाकडंच तयार नसतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडं लेखी मागा, सोबत केंद्रप्रमुखांना एकदा वाटेनं चालवत न्या, तारीख-लोकेशन दिसणारे फोटो काढा, पावसाळ्यातले असतील तर सोन्याहून पिवळं.

पटाचं पण बघून घ्या. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार जुळलेलीच मुलं मोजली जातात. आधारवर नाव एक आणि शाळेच्या रजिस्टरला दुसरं, एवढ्यानं रोज वर्गात बसणारं पोरगं कागदावर गायब होतं. गुरुजींना आधीच विचारा कुणाचं जुळत नाही, आणि दुरुस्ती ऑगस्टमध्येच उरका.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून "समितीची संमती आहे" हे वाक्य फाईलीत घालायला सगळे टपलेले असतात. कोऱ्या पानावर सही अजिबात नको, हजेरीची सही आहे म्हणाले तरी नको. विरोधाचा ठराव तारीख, हजेरी, सूचक, अनुमोदकासकट इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रामसभेचा ठराव जोडणार असाल तर कोरम लागतो, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी तो.

प्रस्तावाची प्रत दाखवत नसतील तर माहिती अधिकार टाका, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. पण आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, रागाच्या भरात चार पानं लिहिली की तेवढ्यावरच परत येतो. प्रस्ताव, त्याला जोडलेला अंतराचा कागद, समितीचं इतिवृत्त, एवढंच मागा.

आणि हे सगळं चालू असताना "शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ठेवा, पुढं गर्दी होईल" असं कुणी सांगितलं तर घेऊ नका. दोन-चार घरांनी दाखले नेले की पट आणखी खाली जातो आणि पालक स्वतःहून गेले अशी नोंद होते, मग तक्रारीत उरतं काय?