सायकलचा पंप का तापतो, आणि मुंबईच्या मास्तरांचा अडकून पडलेला पेपर

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक धरून बघा, चांगलंच गरम लागतं. लहानपणी आम्हाला वाटायचं घासून घासून तापतो. पण घासणं तर नळीभर चालू असतं ना, मग सगळ्यात जास्त तापतं ते नेमकं खालचं टोक, जिथे हवा दाबली जाते, ते का? घर्षण थोडं असतंच, पण खरी भानगड हवेतच आहे.

हवा म्हणजे सैरावैरा पळणारे रेणू. आता क्रिकेट आठवा, बॅट नुसती आडवी धरली तर बॉल आपटून येतो तसाच मागे, पण बॅट पुढे नेऊन मारली की कसला सुसाट जातो. पंपाचा दट्ट्या खाली येताना ती पुढे येणारी बॅटच समजा, त्याच्यावर आदळणारा प्रत्येक रेणू थोडा जास्त स्पीड घेऊन परत फिरतो. सगळ्या रेणूंच्या पळापळीची सरासरी एनर्जी वाढली की आपण म्हणतो हवा तापली, बास, गॅसचं टेंपरेचर म्हणजे एवढंच. आणि टायरची हवा सोडली की व्हॉल्व्हपाशी गार लागतं, कारण आतली हवा पुढच्या हवेला ढकलत पसरते आणि त्यात तिची स्वतःचीच एनर्जी खर्च होते.

स्पीड किती असेल? २७ डिग्रीला नायट्रोजनचे रेणू साधारण सेकंदाला ५१७ मीटर, म्हणजे आवाजापेक्षा फास्ट! मग शेजारची फोडणी नाकापर्यंत यायला इतका वेळ का लागतो? कारण प्रत्येक रेणू सेकंदाला काही अब्ज टकरा खातो, दादर स्टेशनवर संध्याकाळी सहा वाजता पळायचा प्रयत्न करून बघा म्हणजे कळेल.

अजून एक गंमत. मुंबईत २७ डिग्री आणि नागपुरात मे महिन्यात ४५, जीव नकोसा होतो, पण रेणूंचा हिशोब केल्विनमध्ये, म्हणजे उणे २७३ डिग्रीला शून्य धरून करायचा असतो, ३०० आणि ३१८. म्हणजे एनर्जी फक्त ६ टक्के जास्त आणि स्पीड तर जेमतेम ३ टक्के. एवढ्याशा फरकाने माणूस हैराण होतो.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. एकाच टेंपरेचरला हलके रेणू असोत की जड, पळण्याची सरासरी एनर्जी सगळ्यांची सारखीच. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या १६ पट जड, म्हणून हायड्रोजन ४ पट जोरात पळतो आणि हिशोब बरोबर जुळतो. (पृथ्वीला हायड्रोजन धरून ठेवता येत नाही त्याचं मूळही या स्पीडमध्येच आहे.) हे पहिल्यांदा नीट मांडलं ते जॉन जेम्स वॉटरस्टन या स्कॉटिश माणसाने, आणि तेही मुंबईत बसून! ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या पोरांना शिकवायची नोकरी आणि उरलेल्या वेळात हा उद्योग. १८४५ मध्ये त्यांनी यावरचा संशोधनाचा पेपर लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पाठवला, तिथल्या एका तपासणाऱ्याने शेरा मारला की हा निव्वळ मूर्खपणा आहे. पेपर छापला नाहीच, वर परतही दिला नाही, आणि वॉटरस्टननी स्वतःकडे कॉपी ठेवली नव्हती.

पुढे १८६० च्या सुमारास मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे हेच गणित मांडलं आणि नाव त्याचं झालं. वॉटरस्टन १८८३ मध्ये एडिंबरोत घरातून फिरायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञांना सोसायटीच्या दप्तरात तो पेपर सापडला, पुढच्या वर्षी छापलाही, आणि प्रस्तावनेत रॅलेंनी नवख्या लेखकांना सल्ला दिला की असलं धाडसी काही सुचलं तर ते आधी सोसायटीकडे नेऊ नका, दुसरीकडे कुठेतरी छापा. आता बोला.