सॉम्मर : स्वीडनच्या रेडिओवरील उन्हाळी गप्पा

सॉम्मर (पूर्ण नाव ‘सॉम्मर ई पे-एत’, म्हणजे ‘पी-वन वाहिनीवरचा उन्हाळा’) : स्वीडनच्या ‘स्वेरिएस रेडिओ’ या सार्वजनिक नभोवाणीवर दर उन्हाळ्यात रोज दुपारी एक वाजता लागणारा गप्पांचा आणि गाण्यांचा कार्यक्रम. रोज नवा माणूस येतो, सुमारे दीड तास एकटाच बोलतो आणि मधूनमधून स्वतःच्या आवडीची गाणी लावतो. समोर मुलाखतकार नसतो. पहिला कार्यक्रम २९ जून १९५९ रोजी प्रसारित झाला आणि प्रथा आजही चालू आहे.

बोलणाऱ्याला स्वीडिशमध्ये ‘सॉम्मरप्रातारे’ म्हणतात. ‘प्रात’ म्हणजे गप्पा. तेव्हा ‘उन्हाळ्यातला गप्पिष्ट’ असं काहीसं भाषांतर होईल. अधिकृत भाषेत त्याला ‘सॉम्मरवेर्द’, म्हणजे उन्हाळ्याचा यजमानही म्हणतात. व्याख्याता किंवा वक्ता हे शब्द इथे मुद्दाम टाळले आहेत. भाषणाला विषय असतो, मुद्दे असतात. गप्पा आईच्या स्वयंपाकघरातून निघून शाळेतल्या एखाद्या फजितीवर आणि तिथून थेट मरणावर येऊ शकतात. सॉम्मरमध्ये नेमकं तेच चालतं.

‘सॉम्मर’चा अर्थ उन्हाळा असला, तरी मराठी वाचकाच्या मनातला एप्रिल-मेचा उन्हाळा इथे बाजूलाच ठेवावा लागतो. आपल्याकडे दुपारी एक वाजता पडदे ओढून, पंखा लावून लोक आडवे होतात. स्वीडनमध्ये वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हेच दिवस. जूनअखेरीस स्टॉकहोमला अठरा तासांहून अधिक उजेड असतो आणि उत्तरेत किरुनाकडे सूर्य आठवडेच्या आठवडे मावळत नाही. या देशात सुमारे सहा लाख सुट्टीघरं आहेत. बरीचशी लाकडी, तळ्याकाठी किंवा समुद्रातल्या खडकाळ बेटांवर. अशा घराच्या स्वयंपाकघरात शेपू घातलेले नवे बटाटे उकळत असतात, टेबलावर मुरवलेला हेरिंग मासा असतो, खिडकीच्या कट्ट्यावर जुना रेडिओ असतो आणि एक वाजला की कोणीतरी हात पुसत पुसत त्याचा आवाज वाढवतं. कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत स्टेन कार्लबेरी यांच्या ‘सॉम्मर, सॉम्मर, सॉम्मर’ या गाण्याचं आहे. ते वाजलं, की सुट्टी लागल्याची खात्री पटते.

या सुट्टीमागे कायदा आहे, आणि तो समजल्याशिवाय कार्यक्रमाचं बळ कळत नाही. स्वीडनमध्ये १९३८ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली; १९५१ साली तीन, १९६३ साली चार आणि १९७८ साली पाच आठवडे झाले. जून ते ऑगस्ट या काळात सलग चार आठवडे रजा घेण्याचा हक्कही कायद्याने दिला आहे. परिणामी जुलैत अर्धा देश एकदमच सुट्टीवर जातो. एकाच वेळी रिकामे असलेले इतके कान कोणत्याही रेडिओला एरवी कुठून मिळणार? कार्यक्रमाच्या हंगामाची सुरुवातही सणाला जोडलेली आहे. आता दर वर्षीचा पहिला कार्यक्रम ‘मिडसॉम्मर’च्या म्हणजे मध्यग्रीष्म सणाच्या दिवशी लागतो. १९५३ पासून हा दिवस २० ते २६ जूनमधल्या शनिवारी पाळला जातो. तिथून ऑगस्टच्या मध्यापर्यंत साधारण पन्नास ते साठ जण बोलून जातात.

कल्पना तागे दानिएलसोन यांची. ते लेखक, विनोदकार आणि त्या काळी रेडिओच्या मनोरंजन विभागातले अधिकारी होते. हान्स आल्फ्रेडसोन यांच्याबरोबरची त्यांची ‘हास्से आणि तागे’ ही विनोदी जोडी स्वीडनमध्ये घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा काळ टेलिव्हिजनचा येऊ घातला होता. नियमित दूरचित्रवाणी १९५६ मध्ये सुरू झाली होती आणि १९५८ चा फुटबॉल विश्वचषक स्वीडनमध्येच भरल्याने संचांची खरेदी वाढली होती. दानिएलसोन यांनी रेडिओसाठी काढलेली युक्ती साधी होती : हलकंफुलकं संगीत आणि ते लावता लावता मोकळेपणी बोलणारा एक माणूस. पुढे बरीच वर्षं कार्यक्रम पी-थ्री या संगीतप्रधान वाहिनीवर होता. १९९३ मध्ये तो पी-वन या बोलक्या वाहिनीवर आला आणि नाव लांबलं. वाहिनी बदलली तसा स्वभावही बदलला. गाण्यांमध्ये बोलणं होतं, ते बोलण्यामध्ये गाणी असं झालं. आजचा ऐकणारा ज्याला ‘खरा सॉम्मर’ म्हणतो, तो या दुसऱ्या अवस्थेतला आहे.

बोलणाऱ्यांत नट, लेखक, खेळाडू, शास्त्रज्ञ, राजकारणी, पाद्री, आचारी असे सगळे असतात. यांच्याबरोबर श्रोत्यांनी निवडून दिलेला एक यजमानही असतो. त्यासाठी प्रसिद्ध असावं लागत नाही, सांगण्यासारखं काही असावं लागतं. निवड झालेल्यांची नावं हंगामाआधी एका समारंभात जाहीर होतात आणि प्रत्येकाचा डोक्यावर रानफुलांचा मुकुट घातलेला फोटो निघतो. एरवी कडक कोटात दिसणारा एखादा उद्योगपती डेझीची फुलं माळून उभा असतो, आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

तयारीला मदत म्हणून प्रत्येकाला एक निर्माता मिळतो. पूर्वी बोलणं थेट प्रक्षेपित होई, आता बहुतेक आधी ध्वनिमुद्रित होतं. मजकूर लिहून आणावा लागतो, पण तो वाचून दाखवल्यासारखा वाटता कामा नये, ही खरी कसोटी. लेखनात सराईत असलेली माणसं इथे अडखळतात आणि ज्यांनी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत अशी माणसं बाजी मारून जातात. दीड तास कोणी ‘हो का?’ म्हणत नाही, कोणी पुढचा प्रश्न विचारून सोडवत नाही. सांगणाऱ्याला आपल्या गोष्टीपासून पळता येत नाही, आणि जिथे पळ काढावासा वाटतो तिथे गाणं असतं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगता सांगता आवाज दाटून येतो आणि लगेच गाणं सुरू होतं. त्या तीन मिनिटांत श्रोताही सावरतो. मुलाखतीत ही जागा मिळत नाही. तिथे मुलाखतकार ती प्रश्नाने भरून टाकतो. या कार्यक्रमाच्या यशाचं सगळ्यात मोठं कारण मला ही प्रश्नाची गैरहजेरीच वाटते.

रेडिओ सार्वजनिक असल्याने जाहिराती नाहीत. यजमानाला स्वतःचं पुस्तक किंवा माल खपवता येत नाही. वाजवीपेक्षा जास्त प्रसिद्धी दिल्याची तक्रार आली, तर प्रसारणावर देखरेख ठेवणारं स्वीडनचं परीक्षण मंडळ ती तपासतं. पूर्वी रेडिओचा खर्च परवानाशुल्कातून भागत असे. २०१९ पासून तो करासोबत घेतला जातो.

काही दुपारी लोकांच्या कायमच्या लक्षात राहिल्या. चित्रपट दिग्दर्शक इंगमार बर्गमन जुलै २००४ मध्ये, ८६ वर्षांचे असताना बोलले. फोरो बेटावर एकांतात राहणारा हा माणूस चित्रपटांपेक्षा संगीतावरच जास्त रमला. २०१३ मध्ये क्रिस्तियान गिडलुंड बोलला. बोर्लेंगे गावचा, ‘शुगरप्लम फेअरी’ या बँडचा ड्रमवादक, वय २९, पोटाचा कर्करोग. आजाराबद्दल तो आधीपासून ब्लॉगवर लिहीत होता, पण आवाज ऐकणं वेगळं. १७ सप्टेंबरला तो गेला, तेव्हा हंगाम संपून जेमतेम महिना झाला होता. २० जून २०२० रोजी, करोनाच्या उन्हाळ्यातल्या मिडसॉम्मरला, पहिल्याच दिवशी सतरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग बोलली. तिचा कार्यक्रम इंग्रजीतही निघाला, त्यामुळे एरवी स्वीडिशच्या कुंपणात राहणारी ही प्रथा जगभर ऐकली गेली.

वृत्तपत्रं कार्यक्रमांची परीक्षणं छापतात, गुणही देतात. जेवणाच्या टेबलावर त्यावर वाद होतात. तक्रारीही जुन्याच आहेत. बालपणीचा घाव, मग पडझड, मग उभारी आणि शेवटी आशेचं गाणं असा साचा बनला आहे, असं टीकाकार म्हणतात. ते खोटं नाही. एका हंगामात लागोपाठ चार दिवस कोणाचं तरी मन मोडून सावरलेलं ऐकलं, की पाचव्या दिवशी श्रोत्याला मधमाश्यांबद्दल बोलणारा कीटकशास्त्रज्ञ हवासा वाटतो. आणि तो बहुधा मिळतोही.

या प्रथेला नातेवाईक आहेत. बीबीसीचा ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ १९४२ पासूनचा, म्हणजे वयाने वडीलच. तिथे पाहुणा आठ ध्वनिमुद्रिका निवडतो, पण प्रश्न विचारणारा समोर बसलेला असतो. नॉर्वेच्या रेडिओवर ‘सॉमर ई पी-टू’ आहे आणि फिनलंडमधल्या स्वीडिशभाषकांसाठीही असाच उन्हाळी कार्यक्रम लागतो. स्वीडनमध्ये नाताळाच्या सुमारास ‘विंटर’ ही धाकटी आवृत्ती असते. आपल्याकडे विविध भारतीवरची फौजी भाईंसाठीची ‘विशेष जयमाला’ याच्या बरीच जवळची आहे : शनिवारी एखादा कलावंत स्वतःच निवेदक होऊन जवानांशी बोलतो आणि स्वतःच्या आवडीची गाणी लावतो. मराठी घरांतही ती ऐकली गेली आहे. फक्त तिथे बोलणं बेताचं आणि गाणी जास्त असतात.

आता बहुतेक जण सॉम्मर फोनवर, सोयीच्या वेळी ऐकतात. पण संगीताच्या हक्कांमुळे पॉडकास्टमधली गाणी कापून लहान केलेली असतात. वडिलांच्या आठवणीनंतर गाण्याच्या दोन-चार ओळी वाजतात आणि सांगणारा पुढे बोलू लागतो. तळ्याकाठच्या घरातल्या जुन्या रेडिओवर ते गाणं पूर्ण ऐकू येतं, आणि तोवर बटाटेही शिजतात.